वीस वर्षांचा प्रवास, चौदा तासांत

डेक्कन क्वीनच्या एका डब्याखालचा आस डोळ्यांसमोर आणा. कारखान्यात त्याला ॲक्सल म्हणतात. दोन चाकांना जोडणारा हा जाडजूड पोलादी दांडा चाकांबरोबर स्वतःही फिरतो. नव्या चाकाचा व्यास ९१५ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात गाडी सुमारे २.८७ मीटर पुढे जाते. मुंबई ते पुणे हे अंतर १९२ किलोमीटर. एका खेपेत चाक सुमारे ६७ हजार वेळा फिरते आणि तोच डबा रोज ये-जा करतो असे धरले, तर दिवसाला १ लाख ३४ हजार वेळा.

डब्याच्या ओझ्याने हा आस किंचित वाकलेला असतो. त्याची एक बाजू ओढली जाते, समोरची दाबली जाते. अर्धा फेरा झाला की बाजू बदलतात. जी ओढली जात होती ती दाबली जाते, दाबली जात होती ती ओढली जाते. ७५ दिवसांत ही ओढाताण एक कोटी वेळा होते. एक अब्ज वेळा व्हायला साडेवीस वर्षे लागतात.

त्या आसाचे पोलाद ही साडेवीस वर्षे सोसेल की नाही, हे आज, डबा रुळांवर येण्याआधी कसे सांगायचे? तितकीच वर्षे थांबून पाहणे हा एक मार्ग झाला, पण तो कोणालाच परवडत नाही. धातूच्या थकव्याचा अभ्यास सुरू झाल्याला आता जवळपास दोनशे वर्षे होतील. या काळात संशोधकांनी धातूची ताकद मोजली, तसा वेळेशीही झगडा केला. दरवेळी कोणीतरी जवळची वाट शोधली आणि दरवेळी त्या वाटेवर एखादा खड्डा निघाला.

थकवा हा शब्द धातूला लावताना थोडे सावध राहायला हवे. माणूस थकला की विश्रांतीने ताजातवाना होतो. धातूला साधारणपणे ती सवलत नाही. सळया बांधणारा कामगार पक्कड हाताशी नसली की बाइंडिंगची तार पुढे-मागे वाकवून तोडतो. त्याने ओढून ती कधीच तुटली नसती, पण दहा-बारा हेलकाव्यांत तुटते. हेच फार सूक्ष्म प्रमाणात, लाखो-कोटी वेळा झाले की पूल, पंखे, स्प्रिंगा, विमाने आणि आस तुटतात. घाटात गाडीचा पाटा तुटतो तेव्हा सगळे शेवटच्या खड्ड्याला बोल लावतात. खरे तर तो खड्डा लाखोंमधला केवळ शेवटचा असतो. भेग कधीच पडलेली असते आणि दर खड्ड्यागणिक केसभर पुढे सरकत असते.

आपल्याकडे असे काही तुटले की वर्कशॉपमध्ये पहिले वाक्य ठरलेले असते, ‘माल कच्चा निघाला.’ एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातही साधारण असाच समज होता. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस तुटला. मागचे डबे एकमेकांवर चढले, पेटले. दारांना बाहेरून कुलपे होती. किमान ५५ माणसे गेली. अंटार्क्टिकाचा किनारा पाहून आलेले दर्यावर्दी ड्यूमाँ द्युर्व्हिल पत्नी आणि मुलासह त्यात होते. तुटलेल्या आसाचा छेद दाणेदार, चकाकता दिसला. त्यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की हादऱ्यांमुळे चिवट लोखंडाचे स्फटिक झाले आणि ते ठिसूळ बनले. धातू मुळापासून स्फटिकमयच असतो, हे कळायला अजून बराच अवकाश होता.

जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या क्लाउस्थाल येथील खाणींत विल्हेल्म आल्बर्ट यांनी त्याआधीच, १८२९च्या सुमारास, खाणीच्या साखळ्यांवर पुन्हा पुन्हा भार देऊन पाहिला होता. १८३७ साली त्यांनी आपले निष्कर्ष छापले. पण या विषयाला शिस्त लावली ती आउगुस्ट व्होलर यांनी. ते रेल्वेचे अभियंते होते. आधी त्यांनी प्रत्यक्ष धावत्या गाडीचा आस किती वाकतो ते मोजले, जस्ताच्या पत्र्यावर ओरखडा उमटवणारे एक साधन त्यासाठी स्वतः तयार केले. मग यंत्रावर नमुने फिरवून, वेगवेगळे भार लावून ते किती फेऱ्यांत तुटतात हे ते वर्षानुवर्षे नोंदत राहिले. १८७० साली त्यांनी निचोड मांडला. धातू तुटतो तो ताण किती वर-खाली होतो यावर, निव्वळ कमाल ताणावर नाही. आणि पोलादाच्या बाबतीत एक अशी पातळी असते, जिच्या खाली ताण ठेवला तर नमुना तुटतच नाही. या पातळीला पुढे सहनमर्यादा म्हणू लागले. फेरे आणि ताण यांचा आलेख आजही व्होलर यांच्याच नावाने ओळखला जातो.

मात्र व्होलर यांचे यंत्र मिनिटाला सत्तरेक फेरेच घेई. या चालीने एक कोटी फेरे व्हायला तीन महिने उलटून जातात. डेक्कन क्वीनच्या त्या आसाला तेवढ्यासाठी ७५ दिवस पुरतात. म्हणजे प्रत्यक्ष गाडीच प्रयोगापेक्षा जोरात धावते.

पहिला उपाय उघडच होता. यंत्र जोरात फिरवा. विसाव्या शतकात मिनिटाला दहा हजार फेरे घेणारी यंत्रे आली आणि एक कोटी फेऱ्यांचे काम सतरा तासांवर आले. तरी सुटका नव्हती, कारण धातूचा थकवा एका नमुन्याने कळत नाही. एकाच दांड्यातून कापलेले, एकाच लेथवर एकाच कारागिराने उतरवलेले, एकाच भाराखाली फिरवलेले दोन नमुने घ्या. एक दोन लाख फेऱ्यांत तुटेल, दुसरा दहा लाखांत. यात यंत्राची चूक नसते. कुठे पृष्ठभागावर हत्याराची बारीक रेघ राहिलेली असते, कुठे पोलादात ऑक्साइडचा एखादा कण अडकलेला असतो, कुठे एखादा स्फटिक नेमका वाईट दिशेने वळलेला असतो. म्हणून पाच, दहा, तीस नमुने तपासावे लागतात आणि उत्तर शक्यतेच्या भाषेत द्यावे लागते. बेअरिंगच्या कॅटलॉगमध्ये एल-१० आयुष्य म्हणून जो आकडा छापलेला असतो त्याचा अर्थ हाच, की शंभरांतली नव्वद बेअरिंगे निदान एवढे टिकतील. या हिशेबाचा पाया १९२४ साली स्वीडनमधल्या एसकेएफ कंपनीच्या पाल्मग्रेन यांनी घातला. याच कंपनीचा कारखाना आपल्या चिंचवडलाही आहे.

नमुने कमी लागावेत म्हणून एक युक्ती स्फोटकांच्या शास्त्रातून आली. किती उंचीवरून वजन पडले की स्फोटक उडते, हे ठरवण्यासाठी जिन्यासारखी पद्धत वापरत. उडाले तर पुढच्या वेळी एक पायरी खाली, नाही उडाले तर एक पायरी वर. डिक्सन आणि मूड यांनी १९४८ साली तिचे गणित बांधले. धातूवर तीच पद्धत लावली जाते. नमुना तुटला तर पुढच्याला भार कमी, टिकला तर जास्त. पंधरा-वीस नमुन्यांत सहनमर्यादा बऱ्यापैकी हाती येते. आज जगभरच्या प्रयोगशाळा ही पद्धत वापरतात आणि तिच्यावर विश्वास ठेवावा अशीच ती आहे. पण सेकंदाला वीस हेलकावे देणाऱ्या यंत्रावर एक कोटीचा एक नमुना पावणेसहा दिवस घेतो. सगळे पंधरा नमुने शेवटपर्यंत टिकले तर ८७ दिवस होतात. निम्मे लवकर तुटले तरी दीड महिना गेलाच.

त्याच १९४८ साली फ्रान्सच्या मार्सेल प्रो यांनी सुचवले, की भार एका जागी धरून वाट कशाला पाहायची? तो सतत वाढवत न्या. नमुना कधीतरी तुटणारच. भार हळू वाढवला तर कोणत्या ताणाला तुटतो, भरभर वाढवला तर कोणत्या ताणाला, हे पाहून आलेखावरची रेघ मागे ओढत शून्य वेगाला काय झाले असते ते काढायचे. इटलीत लुईजी लोकाती यांनी पुढच्या दशकात पायऱ्यापायऱ्यांनी भार वाढवण्याची पद्धत मांडली, तिला एकच नमुना पुरतो.

इथे पोलादाने एक विचित्र स्वभाव दाखवला. सहनमर्यादेच्या किंचित खालून सुरुवात करून भार थोडाथोडा वाढवत नेला, तर काही पोलादे अधिक बळकट होतात. लहान मुलाला चुचकारत एकेक घास भरवावा आणि त्याने नेहमीपेक्षा जास्त जेवावे, तसे. मग प्रयोगात निघालेली ताकद त्या पोलादाची मूळ ताकद राहत नाही, ती प्रयोगानेच त्याच्या अंगी आणलेली असते. पायऱ्यांच्या पद्धती वापरणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवायला हवे.

प्रयोगाने स्वतःच धातूला बदलून टाकावे आणि त्यातून माणसे मरावीत, असेही एकदा घडले आहे.

प्रवासी घेऊन नियमित उडणारे जगातले पहिले जेट विमान म्हणजे द हॅव्हिलँड कंपनीचे कॉमेट. २ मे १९५२ रोजी त्याची सेवा सुरू झाली. १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनकडे निघालेले ‘योक पीटर’ हे कॉमेट एल्बा बेटाजवळ हवेतच फुटले, ३५ जण गेले. ८ एप्रिलला ‘योक योक’ नेपल्सच्या दक्षिणेस समुद्रात पडले, २१ जण गेले. उंचावर उडताना बाहेरची हवा विरळ असते आणि आत माणसांसाठी दाब राखावा लागतो. म्हणून प्रत्येक उड्डाणात विमानाची कुडी फुग्यासारखी एकदा फुगते आणि उतरताना पूर्ववत होते. पहिले विमान सुमारे १२९० उड्डाणांनंतर फुटले, दुसरे सुमारे ९०० उड्डाणांनंतर.

कंपनीने ही परीक्षा केलीच नव्हती असे नाही. कुडीचा एक तुकडा घेऊन त्यात दाब भरून-सोडून पाहिला होता आणि तो सुमारे १८ हजार फेरे टिकला होता. मग आकाशात हजार-बाराशे फेऱ्यांत काय झाले? त्या तुकड्यावर थकव्याच्या चाचणीआधी ताकदीची चाचणी घेतली गेली होती. तीत नेहमीच्या जवळजवळ दुप्पट दाब दिला होता. त्या दाबाने खिडक्यांच्या कोपऱ्यांतला धातू किंचित ताणून कायमचा लांबला. दाब सोडल्यावर आजूबाजूच्या धातूने त्याला आत दाबून धरले. जिथे भेग पडायची तिथे आधीच दाब बसला असेल तर भेग उघडायला फार जड जाते. चाचणीचा तुकडा असा नकळत मजबूत झाला. प्रवाशांना घेऊन उडणाऱ्या विमानांना तेवढा दाब कधी दिला गेला नव्हता.

फार्नबरोच्या सरकारी संशोधन संस्थेत आर्नल्ड हॉल यांच्या देखरेखीखाली मग जे केले गेले, ते अभियांत्रिकीच्या इतिहासातले सर्वांत उत्तम काम म्हणावे असे आहे. ‘योक अंकल’ नावाचे एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवले. पंख टाकीबाहेर काढून जॅकने वर-खाली हलवले आणि कुडीत पाणी भरून दाब चढवला-उतरवला. हवेऐवजी पाणी घेण्याचे कारण साधे होते. दाबलेली हवा फुटली तर बाँबसारखी उसळते आणि पुरावा नष्ट होतो. पाणी दबत नाही, त्यामुळे फाट जिथे पडते तिथेच थांबते. रात्रंदिवस चाललेल्या या कामात काही आठवड्यांत वर्षांची उड्डाणे उरकली. आधीची खरी आणि टाकीतली नकली मिळून सुमारे ३०६० उड्डाणे झाल्यावर, जून १९५४ मध्ये, कुडी फाटली. सुरुवात एका चौकटीच्या कोपऱ्यालगत झाली होती. फार्नबरोची चाचणीही जलदच होती. फरक एवढाच, की आकाशात विमानाला जे सोसावे लागते तेच तिने टाकीतल्या विमानाला सोसायला लावले.

जलद परीक्षेची दुसरी वाट उष्णतेची आहे. बाइंडिंगची तार भरभर वाकवून तोडली आणि तुटलेले टोक बोटाला लावले तर चटका बसतो. हेलकाव्यांत घातलेल्या श्रमाचा एक भाग धातूच्या पोटात जिरतो आणि उष्णता होऊन बाहेर पडतो. मँचेस्टरमधले अभियंते सी. ई. स्ट्रोमायर यांनी १९१४ साली हे मोजले. नमुन्याला लागून पाण्याची बारीक धार सोडायची, धार येताना आणि जाताना तिचे तापमान पाहायचे आणि भार वाढवत जायचे. ज्या भाराला पाणी तापू लागते तीच सहनमर्यादा. तुटण्याची वाट पाहायची गरजच नाही.

कल्पना काळाच्या फार पुढे होती. तापमापके तेवढी बारीक नव्हती आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. ती पुन्हा जोमाने उभी राहिली ती १९८०च्या दशकापासून, इन्फ्रारेड कॅमेरे आल्यावर. सिसिलीतल्या कातानिया विद्यापीठाचे अंतोनिनो रिझितानो आणि त्यांचे सहकारी यात आघाडीवर होते. ला रोझा आणि रिझितानो यांचा २००० सालचा शोधनिबंध या क्षेत्रात आजही हाताशी ठेवला जातो. त्यांनी दाखवले की सहनमर्यादेच्या वर भार दिला की नमुन्याचे तापमान पहिल्या काही हजार फेऱ्यांत चढते, मग बराच काळ एका पातळीवर स्थिरावते आणि तुटण्याच्या थोडे आधी एकदम उसळते. मधली सपाट पातळी हीच कामाची. भार वाढवला की ती वर सरकते. चार-पाच भारांना ती कुठे येते ते मांडून रेघ खाली आणली, की जिथे तापमानवाढ शून्य होते तिथे सहनमर्यादा सापडते. दर भाराला दहा हजार फेरे पुरतात. सेकंदाला वीस हेलकाव्यांच्या यंत्रावर त्याला आठ-नऊ मिनिटे लागतात. दहा पायऱ्या घेतल्या तरी दीड तासात काम आटोपते, एका नमुन्यात. दीड महिना आणि दीड तास यांतला हा फरक पाहिला की कारखानदारांना ही पद्धत का भुरळ घालते ते समजते.

यात एक सुंदर बारकावा आहे. धातू ओढला की किंचित थंड होतो, दाबला की किंचित तापतो. लॉर्ड केल्विन यांनी १८५३ साली याचा सिद्धांत मांडला. पोलादात एक मेगापास्कल ताणाला हा फरक अंशाच्या हजाराव्या भागाइतका असतो. तो दर हेलकाव्यात जातो-येतो आणि सरासरीत संपतो. जी उष्णता साठत जाते ती वेगळी. धातूच्या स्फटिकांत कायमची सरकासरक होते, तिची ती खूण असते. आजचे चांगले कॅमेरे अंशाच्या शंभराव्या भागांतले फरक टिपतात, म्हणून ही दोन्ही दूधपाण्यासारखी वेगळी करता येतात.

पण खड्डा इथेही आहे. कॅमेरा पाहतो तो सबंध नमुन्याचा ताप. धातू तुटतो तो मात्र एका जागी, सर्वांत दुबळ्या जागी. पोलादाच्या पोटात केसाच्या जाडीपेक्षा लहान असा एखादा ऑक्साइडचा कण असेल आणि भेग तिथूनच सुरू होणार असेल, तर एवढ्याशा जागेचा ताप बाहेर पोहोचेपर्यंत विरून जातो. ॲल्युमिनियम तर उष्णता इतक्या झटपट पसरवते की खूण मुळातच फिकी पडते. शिवाय प्रत्येक उष्णता म्हणजे इजाच, असेही नाही. धातूच्या अंतर्गत घर्षणातला काही भाग निरुपद्रवी असतो. दहा पोलादांतून दोन निवडायची असतील तर ही पद्धत उत्तम. विमानाच्या लँडिंग गिअरला केवळ तिच्या भरवशावर मान्यता द्यावी, असे कोणीही जाणकार म्हणणार नाही.

तिसऱ्या वाटेने तर या शास्त्राचा एक जुना सिद्धांतच हलवला.

प्लास्टिक जोडायच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये विजेच्या स्पंदनांवर थरथरणारे पिझो स्फटिक असतात. तेच तंत्र बेल प्रयोगशाळेच्या डब्ल्यू. पी. मेसन यांनी १९५०च्या सुमारास धातूच्या थकव्यासाठी वापरले. नमुना डमरूच्या आकाराचा, कमरेत बारीक. त्याची लांबी अशी बेतायची की सेकंदाला वीस हजार हेलकाव्यांना तो आपोआप घुमू लागेल, घंटेसारखा. टोके काही शतांश मिलिमीटर हलतात आणि कमरेत ताण सर्वांत जास्त पडतो. माणसाच्या कानाची मर्यादा साधारण इथेच संपते, त्यामुळे कोट्यवधी हेलकावे चालले असताना खोलीत फारसे काही ऐकूही येत नाही. नमुना तापतो म्हणून हवेचा झोत सोडतात आणि क्षणभर घुमवून क्षणभर थांबवतात.

थांबे वगळले तर या यंत्रावर एक कोटी हेलकावे सव्वाआठ मिनिटांत होतात. एक अब्ज हेलकाव्यांना चौदा तास लागतात. डेक्कन क्वीनच्या आसाची साडेवीस वर्षे एका रात्रीत उरकली जातात.

वेग मिळाल्यावर लोकांनी एक कोटीच्या पुढे पाहायला सुरुवात केली. आधी तिथवर जायला सवडच नव्हती. एक कोटी फेरे टिकलेला नमुना अमर मानला जाई. १९८०च्या दशकात जपानी संशोधकांना आणि पुढे पॅरिसमध्ये क्लोद बातियास यांना दिसले, की उच्च ताकदीची पोलादे एक कोटी ओलांडल्यावरही, दहा कोटींना, शंभर कोटींना तुटतात. भेग मात्र पृष्ठभागावरून सुरू होत नाही, आतून होते, एखाद्या अशुद्ध कणाभोवती. छेद पाहिला तर कणाभोवती गोल वलय दिसते, माशाच्या डोळ्यासारखे. धातूंना अनंत आयुष्य नसतेच, हे बातियास यांनी १९९९ साली आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच लिहून टाकले. पाठ्यपुस्तकांतली आडवी सपाट रेघ अनेक पोलादांसाठी प्रत्यक्षात उतरतीच असते.

त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला जपानच्या एच-टू अग्निबाणाचे आठवे उड्डाण फसले. मुख्य इंजिन मध्येच बंद पडले. जपानी संशोधकांनी ते इंजिन सुमारे ३ हजार मीटर खोल समुद्राच्या तळातून वर काढले. त्यांना द्रव हायड्रोजन ओढणाऱ्या पंपाचे एक पाते थकव्याने तुटलेले आढळले. हा पंप मिनिटाला ४० हजारांहून जास्त फेरे घेई. इंजिन जेमतेम काही मिनिटेच चाले, तरी तेवढ्यात लाखो हेलकावे होऊन जात.

मग प्रश्न उरतो, की सेकंदाला वीस हजार हेलकाव्यांचे उत्तर सेकंदाला शंभर हेलकाव्यांना लागू पडते का? जपानच्या राष्ट्रीय सामग्री-विज्ञान संस्थेतल्या फुरुया आणि सहकाऱ्यांनी यासाठी मोठा संयम दाखवला. त्यांनी एकच उच्च ताकदीचे पोलाद सेकंदाला १००, ६०० आणि २० हजार अशा तीन वेगांनी तपासले आणि २००२ साली निकाल छापले. सेकंदाला शंभरच्या चालीने दहा अब्ज फेऱ्यांना तीन वर्षांहून जास्त काळ लागतो, इतके चिकट हे काम आहे. त्यांना आढळले की भेग आतून सुरू होत असेल तर वेगाने फारसा फरक पडत नाही. म्हणजे जलद पद्धतीला जामीन राहिली ती संथ पद्धतच. मऊ, कमी कार्बनच्या पोलादात मात्र वेग वाढला की धातू प्रत्यक्षापेक्षा बळकट भासतो, हेही ज्ञात आहे. आणि गंजाला तर घाई करताच येत नाही. कोकणातल्या खाऱ्या हवेत उभ्या पुलाच्या रिव्हेटभोवती वीस पावसाळ्यांत जे होते, ते चौदा तासांच्या प्रयोगात होणे शक्य नाही. गंज आणि हेलकावे एकत्र आले की सहनमर्यादा राहतच नाही.

काहींनी हेलकावेच टाळले. क्यूशू विद्यापीठाच्या युकिताका मुराकामी यांनी १९८०च्या दशकात दाखवले, की दोन गोष्टी कळल्या तर सहनमर्यादेचा अंदाज कागदावर मांडता येतो. पहिली धातूची कठीणता, जी दहा मिनिटांत मोजता येते. दुसरी त्यातल्या सर्वांत मोठ्या अशुद्ध कणाचा आकार. सरासरी कण कामाचा नाही, सर्वांत मोठाच शोधावा लागतो. कणाची रुंदी दहापट झाली तर ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते. पोलाद शुद्ध करण्यावर जपानी कारखाने एवढा खर्च का करतात, त्याचे उत्तर या एका सूत्रात आहे.

आणि अगदी अलीकडे, २०२२ साली, ‘सायन्स’ नियतकालिकात स्टिनव्हिल, पोलॉक आणि सहकाऱ्यांनी याहून धाडसी गोष्ट मांडली. त्यांनी अनेक जातींचे धातू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरून पहिल्याच हेलकाव्यात स्फटिकांमधली सरक किती आणि कुठे एकवटते ते मोजले. ती जितकी एका रेषेत एकवटते, तितकी त्या धातूची थकव्याला तोंड देण्याची ताकद कमी. पहिल्या हेलकाव्यावरून कोटीव्या हेलकाव्याचे भाकीत! १९०३ साली युइंग आणि हम्फ्री यांनी स्वीडिश लोखंडाचा नमुना घासून चकचकीत केला होता आणि हेलकाव्यांबरोबर त्यावर उमटत जाणाऱ्या काळ्या रेषा पाहिल्या होत्या. त्याच रेषा एकशेएकोणीस वर्षांनी मोजता आल्या. कोंबावरून झाडाची उंची सांगावी तशी ही गोष्ट आहे आणि ती खरी ठरत असेल तर नव्या मिश्रधातूंचा शोध कैक पटींनी वेगवान होईल. थ्रीडी प्रिंटिंगने बनणाऱ्या धातूच्या भागांना तर याची फार गरज आहे. तिथे लेझरचा वेग बदलला की आतली छिद्रे बदलतात आणि दर बदलाला दीड महिन्याची परीक्षा घेत बसणे अशक्य आहे.

पुण्याच्या पंचक्रोशीला हा विषय परका नाही. मुंढव्यात भारत फोर्जमध्ये १९६०च्या दशकापासून क्रँकशाफ्ट घडतात. मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या फोरस्ट्रोक इंजिनाच्या क्रँकला एका सिलिंडरकडून मिनिटाला पंधराशे जोरदार धक्के बसतात. एकशेअकरा तासांत एक कोटी. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेत १९६६ पासून वाहनांच्या परीक्षा चालतात. अहिल्यानगरला व्हीआरडीई या संस्थेच्या चाचणीमार्गावर लष्कराच्या गाड्या मुद्दाम खडबडीत दगडी फरशीवरून पळवतात, म्हणजे थोड्या किलोमीटरांत बऱ्याच हजार किलोमीटरांची झीज दिसते. तत्त्व तेच, हेलकावे वाढवा, वेळ कमी करा.

जलद पद्धतींबद्दल या लेखाचे म्हणणे असे आहे. त्यांच्यामुळे दहाऐवजी शंभर पर्याय चाळता येतात, प्रत्येक भट्टीचा माल तपासता येतो, लहान कारखान्यालाही परीक्षा परवडते. एवढ्यासाठी त्यांचे स्वागत व्हायला हवे. पण वाचलेला वेळ शेवटची, पूर्ण आकाराची संथ परीक्षा वगळण्यासाठी वापरला जाऊ नये. थकव्याकडे दुर्लक्ष किती महाग पडते याचे एकच उदाहरण. ३ जून १९९८ रोजी जर्मनीत एशेडे येथे भरधाव गाडीच्या चाकाची पोलादी धाव तुटली आणि १०१ माणसे गेली. भेग धावेच्या आतल्या बाजूने वाढली होती, बाहेरून दिसतच नव्हती.

भोसरी, चाकण, शिरोली, सातपूर, बुटीबोरी, कुठेही यंत्र चालवणाऱ्या वाचकाला एक विनंती. शाफ्ट, पाटा, स्प्रिंग, बोल्ट, काहीही तुटले तर तो तुकडा लगेच भंगारात देऊ नका. दोन्ही तोंडे एकमेकांवर बसवून पाहू नका आणि वायर ब्रशने घासू नका. तुटलेले तोंड उजेडात तिरके धरा. ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा कमानदार रेषा दिसल्या तर भेग बऱ्याच दिवसांपासून चालत आली होती आणि त्या रेषा जिथे एकवटतात तिथे तिची सुरुवात आहे. तोंडाला तेलाचा हलका हात द्या, कोरड्या कागदात गुंडाळा, वर तारीख आणि यंत्र किती तास चालले ते लिहा, आणि जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या धातुशास्त्र विभागात दाखवा.